'एरन्नोबोअस' : एका नदीनामाची व्याकरणचिकित्सा

ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतून आढळणारी भारतीय नावे हा आपल्याकडील इतिहासलेखकांच्या जिव्हाळ्याचा, परंतु बराचसा घाईने हाताळला गेलेला विषय आहे. परकीय ग्रंथातील नाव द्यावयाचे, त्यापुढे कंसात संस्कृत नाव लिहावयाचे आणि 'हे त्याचे अपभ्रष्ट रूप होय' असा शेरा मारून पुढे जावयाचे, ही रीत शालेय पुस्तकांपासून प्रौढ ग्रंथांपर्यंत रूढ झाली आहे. परकीयांना आपली नावे उच्चारता येत नव्हती, एवढेच काय ते त्यातून वाचकाला कळते. नाव मुळात कोणत्या भाषेत उच्चारले गेले, ते कोणाच्या मुखातून परकीयांच्या कानी पडले आणि लेखणीपर्यंत येता येता त्याला कोणत्या व्याकरणाचे संस्कार घडले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

प्रस्तुत लेखात अशा एकाच नावाची चिकित्सा करावयाची आहे. ते नाव म्हणजे 'एरन्नोबोअस'. प्राचीन पाटलिपुत्राजवळ गंगेला मिळणाऱ्या नदीचे हे ग्रीक-लॅटिन नाव होय. नाव एका नदीचे असले तरी त्याचे महत्त्व नदीपुरते नाही. इ.स. १७९३ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी 'सँड्रोकोट्टस' म्हणजेच चंद्रगुप्त मौर्य हे समीकरण मांडले, तेव्हा त्यांच्या मार्गातील शेवटचा अडसर या नदीनामाच्या उलगड्याने दूर झाला. चंद्रगुप्ताचा काळ ठरल्यामुळे अशोकाचा काळ ठरला, आणि अशोकाच्या काळावरून भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे वर्ष मोजण्याची वाट मोकळी झाली. बौद्ध कालगणनेच्या आधुनिक इमारतीतील पहिल्या काही विटांपैकी ही एक वीट आहे. ती कितपत पक्की आहे, हे पाहणे बौद्ध विद्येच्या अभ्यासकाचे कर्तव्यच ठरते.

प्रथम मूळ उल्लेख पाहू. इ.स.पू. ३०० च्या सुमारास सेल्यूकसचा वकील म्हणून मेगॅस्थेनीस चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. त्याचा 'इंडिका' हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. स्ट्रॅबो, प्लिनी, एरियन इत्यादी पुढील लेखकांनी त्यातून घेतलेले उतारे तेवढे शिल्लक आहेत. श्वानबेक या जर्मन पंडिताने ते इ.स. १८४६ मध्ये एकत्र केले आणि मॅक्रिंडल यांनी इ.स. १८७७ मध्ये त्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एरियन ग्रीकमध्ये सांगतो की, भारतातील सर्वांत मोठे नगर 'पालिम्बोथ्रा' हे एरन्नोबोअस आणि गंगा यांच्या संगमावर वसले असून एरन्नोबोअस ही भारतीय नद्यांत तिसऱ्या क्रमांकाची आहे. नगराची लांबी ८० स्टेडिया, रुंदी १५ स्टेडिया, तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे, हे सुपरिचित वर्णन त्याच ठिकाणी येते.

लॅटिनमधील उल्लेख प्लिनीचा. इ.स. ७७ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या 'नॅचुरालिस हिस्टोरिया' या विश्वकोशात्मक ग्रंथाच्या सहाव्या खंडात गंगेला मिळणाऱ्या १९ नद्यांचा निर्देश असून त्यांपैकी नौकानयनास योग्य अशा काहींची नावे दिली आहेत. त्यात आपली नदी येते आणि तिच्यापाठोपाठ 'सोनस' हेही नाव येते. जुन्या छापील आवृत्त्यांत आपल्या नदीचे रूप 'एरन्नोबोआम' असे आहे. परंतु हस्तलिखितांचा पाठ काटेकोरपणे पाळणाऱ्या नंतरच्या आवृत्तीत 'र्‍हाम्नुम्बोवाम' असे विलक्षण रूप स्वीकारलेले दिसते. याचा अर्थ असा की, लॅटिन परंपरेत हे नाव नकलाकारांच्या हातून बरेच झिजले होते आणि आपल्याला परिचित असलेले लॅटिन रूप हे एरियनच्या ग्रीक पाठाच्या आधाराने पुन्हा उभे केलेले आहे. नदीचे 'लॅटिन नाव' असे आपण सहजपणे म्हणतो. पण त्या नावाचा आरंभीचा स्वरही रोमन नकलाकारांपाशी टिकलेला नव्हता.

आता व्याकरणाकडे वळू. प्लिनीने ही नावे द्वितीया विभक्तीत दिली आहेत. लॅटिनमध्ये 'आम' हा द्वितीयेचा प्रत्यय ज्या विभक्तिगणात येतो, त्यात सामान्यतः आकारान्त स्त्रीलिंगी शब्द असतात. म्हणून केवळ 'एरन्नोबोआम' हे रूप हाती असते, तर प्रथमेचे रूप 'एरन्नोबोआ' असे स्त्रीलिंगी कल्पिण्यास काहीच अडचण नव्हती. मात्र याच गणात ग्रीकमधून घेतलेले 'अस'कारान्त पुल्लिंगी शब्दही चालतात. 'ईनिअस' या प्रसिद्ध वीरनामाची द्वितीया 'आन' अशी ग्रीक पद्धतीने होते, तशीच 'आम' अशी लॅटिन पद्धतीनेही होते. तेव्हा लॅटिन रूप एकटे घेतले तर लिंगाचा निर्णय होत नाही. तो एरियनच्या ग्रीक षष्ठीवरून होतो. तेथे नावाचे रूप 'एरन्नोबोआ' असे असून त्याला पुल्लिंगी उपपद जोडलेले आहे. म्हणजे प्रथमेचे रूप 'एरन्नोबोअस' आणि लिंग पुल्लिंग, हे निश्चित.

परंतु नाव पुल्लिंगी आहे म्हणून ते भारतातही पुल्लिंगी असले पाहिजे, असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. ग्रीक व लॅटिन भाषांत 'नदी' या अर्थाचे नेहमीचे शब्द पुल्लिंगी असल्यामुळे नद्यांची नावे बहुधा पुल्लिंगी होतात. आपली गंगा आकारान्त स्त्रीलिंगी. ती ग्रीकमध्ये 'गांगेस' अशी पुल्लिंगी झाली आणि लॅटिनने तिला षष्ठीत 'गांगिस' असे रूप देऊन निराळ्याच गणात बसवले. सिंधूचे 'इंडस' होऊन ती लॅटिनच्या दुसऱ्या गणातील सरळ पुल्लिंगी शब्द बनली. भाषेची सवय लिंग कसे बदलते, हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ब्रह्मपुत्र हा संस्कृतात 'नद' आहे, पुल्लिंगी आहे. पण मराठीत नदी म्हटली की ती बाईच, म्हणून आपण बिनदिक्कत 'ब्रह्मपुत्रा' म्हणतो. ग्रीकांनी गंगेचे जे केले, त्याच्या उलट आपण ब्रह्मपुत्राचे केले. लिंग हा नावाचा पाहुणचारात मिळालेला पोशाख असतो. त्यावरून पाहुण्याचे कुळ सांगता येत नाही.

जोन्स यांचा युक्तिवाद आता तपासू. २८ फेब्रुवारी १७९३ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या वार्षिक भाषणात त्यांनी आपली अडचण स्पष्ट सांगितली. पालिबोथ्रा म्हणजे पाटलिपुत्र हे नावावरून उघड दिसत होते. पण पाटलिपुत्र गंगा-शोण संगमावर, आणि पालिबोथ्रा मात्र गंगा-एरन्नोबोअस संगमावर. द'आन्व्हिल या नामांकित फ्रेंच भूगोलज्ञाने तर एरन्नोबोअस म्हणजे यमुना असा निर्णय देऊन ठेवला होता. पुढे जोन्स यांना एका प्राचीन संस्कृत ग्रंथात शोणाचे दुसरे नाव 'हिरण्यबाहु' असल्याचे आढळले आणि अडचण मिटली. हिरण्यबाहु म्हणजे सुवर्णाचे बाहू असलेला. ग्रीकांनी त्याचे 'एरन्नोबोअस' केले व त्यात आपल्या भाषेतील 'मनोहर निनाद करणारा' असा अर्थ पाहिला, असेही जोन्स यांनी जाता जाता नोंदवले.

निष्कर्ष बरोबर आहे. परंतु त्याची कारणे थोडी शुद्ध करून घेतली पाहिजेत. पहिला मुद्दा मूळ शब्दाचा. 'हिरण्यबाहु' याप्रमाणेच 'हिरण्यवाह' म्हणजे सोने वाहून आणणारा, हेही नाव परंपरेत आहे. बौद्ध म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमरसिंहाच्या कोशात शोणाचा पर्याय म्हणून 'हिरण्यवाह' येतो. इसवी सनाच्या सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त हिरण्यवाह नावाच्या महानदाचा उल्लेख करून लोक त्याला शोण म्हणतात असे सांगितले आहे. बाण स्वतः त्या नदीकाठचा. त्याच्या साक्षीचे मोल मोठे आहे. ग्रीक रूपाशी तुलना करताना 'बाहु'मधील अन्त्य उकार अडचण करतो, कारण त्याचा मागमूस 'बोअस'मध्ये नाही. 'वाह'मधील हकार ग्रीक लिपीत शब्दाच्या मध्ये लिहिण्याची सोय नव्हती. तो गळाला की उरणारे रूप 'बोअस'च्या अधिक जवळ जाते. म्हणून 'हिरण्यवाह' हे मूळ मानणे अधिक सयुक्तिक.

पण येथे एक व्याकरणाची शंका उपस्थित होते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अकारान्त पुल्लिंगी भारतीय नावांना ग्रीक लोक सामान्यतः 'ओस' हा प्रत्यय लावीत. चंद्रगुप्ताचे 'सँड्रोकोट्टोस' झाले, 'सँड्रोकोट्टास' झाले नाही. मग हिरण्यवाहाचे 'एरन्नोबाओस' न होता 'एरन्नोबोअस' का झाले? याचे उत्तर जोन्स यांच्या त्या जाता जाता केलेल्या नोंदीत दडलेले आहे. ग्रीकमध्ये 'एरन्नोस' हा होमरच्या काळापासूनचा शब्द असून त्याचा अर्थ रमणीय असा आहे. 'बोए' म्हणजे आवाज. आणि 'बोअस' हे उत्तरपद असलेले समासही त्या भाषेत होते. मधुर स्वराच्या बासरीला ग्रीक कवी 'कल्लिबोअस' हे विशेषण लावीत. तेव्हा परकीय नाव कानी पडताच ग्रीक मनाने ते ओळखीच्या साच्यात ओतले. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. 'ओस'च्या जागी 'अस' आला तो या साच्यातून. म्हणजे शेवटचा प्रत्यय भारतीय नव्हे, केवळ विभक्तीचाही नव्हे. तो एका ग्रीक समासाचा आहे. लॅटिनने तो ग्रीकमधून उसना घेतला आणि द्वितीयेत पुन्हा संदिग्ध करून ठेवला.

अशी घडामोड एकट्याच नदीच्या बाबतीत झालेली नाही. इरावती, म्हणजे आजची रावी, हिचे एरियनमध्ये 'हुड्राओटेस' असे रूप आहे. त्याच्या आरंभी ग्रीकमधील पाणी या अर्थाच्या शब्दाची छाया स्पष्ट दिसते. स्ट्रॅबोमध्ये त्याच नदीचे 'हुआरोटिस' असे, त्या छायेपासून दूर असलेले रूप आहे. एकच नाव दोन कानांनी ऐकले, एकाने त्यात पाणी ऐकले, दुसऱ्याने ऐकले नाही.

आता या चिकित्सेतील मुख्य प्रश्न. नाव संस्कृतातून गेले की प्राकृतातून? संस्कृत 'हिरण्य' याचे पालि रूप 'हिरञ्ञ'. पुण्य-पुञ्ञ, अरण्य-अरञ्ञ याप्रमाणेच येथे जोडाक्षरातील यकार मागील वर्णात विलीन होऊन त्या वर्णाचे द्वित्व होते. ग्रीक रूपातही यकार नाही आणि नकाराचे द्वित्व आहे. पालि जाणणाऱ्याला हे पाहताच वाटते की, हा तर आपलाच शब्द! त्या आनंदाला थोडा आवर घातला पाहिजे. 'एरन्नोस' या ग्रीक शब्दातही नकार दुहेरीच आहे. मग ते द्वित्व प्राकृताचे की ग्रीकाचे? फक्त या एका नावावरून उत्तर देता येणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

परंतु दोन गोष्टी प्राकृताच्या बाजूने उभ्या राहतात. पहिली अशी की, लोकव्युत्पत्ती शून्यातून होत नाही. कानाला साम्य भासल्याशिवाय मन ओळखीचा शब्द त्यावर लादीत नाही. 'हिरण्य' आणि 'एरन्नो' यांच्यामध्ये यकाराची भिंत आहे. 'हिरञ्ञ' आणि 'एरन्नो' यांच्यामध्ये ती नाही. 'एरन्नोस'ची आठवण होण्यासाठी कानी पडलेले रूप आधीच द्वित्वयुक्त असणे अधिक संभवते. दुसरी गोष्ट अशी की, प्राकृतातील द्वित्व ग्रीक लेखक ऐकत आणि लिहीत, याचा स्वतंत्र पुरावा आहे. 'सँड्रोकोट्टोस' यातील दुहेरी टकार हा 'गुप्त'चा नव्हे, 'गुत्त'चा आहे. 'सँड्रोकुप्तोस' असे पकार राखणारे रूपही एका ग्रीक लेखकात आढळते, हे खरे. पण ते एकाकी आहे. याहून बळकट पुरावा शिलालेखाचा. कंदाहार येथे इ.स. १९५८ मध्ये सापडलेल्या अशोकाच्या ग्रीक-अरेमाइक द्विभाषी लेखात राजाचे नाव 'पिओदास्सेस' असे कोरलेले आहे. हे 'प्रियदर्शी' नव्हे, 'पियदस्सी' आहे. येथे नकलाकाराच्या हाताचा प्रश्नच उद्भवत नाही. हा खुद्द अशोकाच्या काळातील दगड आहे.

आणखी एक पाऊल पुढे जाता येते. हे प्राकृत कोठले? अशोकाच्या आठव्या शिलालेखात, ज्यात राजाने विहारयात्रा सोडून संबोधीच्या स्थानी जाऊन धम्मयात्रा आरंभल्याचे सांगितले आहे, वृद्धांना सुवर्णदान देण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे 'हिरण्य' हा शब्द तेथे येतो. गिरनारच्या पाठात तो रकारयुक्त आहे. पूर्वेकडील भाषेच्या पाठांत मात्र, जसे 'राजा'चे 'लाजा' होते, तसे या शब्दातही रकाराच्या जागी लकार येतो. पाटलिपुत्राच्या दरबाराची भाषा ती पूर्वेकडील भाषा. मेगॅस्थेनीसने नदीचे नाव राजवाड्याच्या भाषेत ऐकले असते तर ग्रीकमध्ये लकार उतरण्याची शक्यता होती. प्रत्यक्षात 'एरन्नोबोअस', 'सँड्रोकोट्टोस', 'पालिबोथ्रा' या तिन्ही नावांत रकार आहे. इतकेच नव्हे, तर शेवटच्या दोन नावांत 'न्द्र' आणि 'त्र' ही रकारयुक्त जोडाक्षरेही टिकून आहेत. 'गुप्त'चे 'गुत्त' व्हावे, पण 'पुत्र'चे 'पुत्त' होऊ नये, असे रूप वायव्येकडील प्राकृताच्या स्वभावाशी जुळते. शाहबाझगढीच्या लेखांतही 'पुत्र'मधील रकार टिकलेला आहे.

एरियनच सांगतो की, मेगॅस्थेनीस हा अराकोशियाचा, म्हणजे कंदाहारकडील प्रदेशाचा, क्षत्रप सिबिर्टियस याच्याकडे राहत असे व तेथून तो चंद्रगुप्ताकडे गेला. त्याच्या सोबतीचे दुभाषे वायव्येकडील असणे स्वाभाविक होते. तेव्हा तर्क असा होतो की, मगधातील नदीचे नाव वायव्येच्या माणसाच्या मुखातून ग्रीकाच्या कानी पडले. कंदाहारच्या लेखातील 'पिओ' या रूपात रकार नाही, ही गोष्ट या तर्काला बाधक नाही. तो लेख राजाज्ञेवरून तयार झालेला; राजाचे नाव तेथे दरबारी भाषेतून गेले. नदीचे नाव प्रवासातील संभाषणातून गेले. नावांचे मार्गही नद्यांसारखेच अनेक असतात.

येथे बौद्ध वाचकाला पडू शकणाऱ्या एका मोहाचा विचार केला पाहिजे. महापरिनिब्बानसुत्तात हिरञ्ञवती नदीचे नाव येते. तिच्या पैलतीरावरील मल्लांच्या शालवनात तथागतांचे महापरिनिर्वाण झाले. 'हिरञ्ञ' हे पूर्वपद दोन्हीकडे समान असल्यामुळे एरन्नोबोअस म्हणजे हिरञ्ञवती, आणि मेगॅस्थेनीसच्या ग्रंथात कुसिनाराच्या त्या पावन नदीचा उल्लेख आहे, असे म्हणण्याची इच्छा होणे समजण्यासारखे आहे. श्रद्धेला ते सुखावह वाटेल. पण व्याकरण त्याला संमती देत नाही. 'वती' या उत्तरपदातील तकार ग्रीकांनी गाळला नसता. इरावतीचे 'हुड्राओटेस' आणि 'हुआरोटिस' अशी दोन भिन्न रूपे झाली, तरी दोन्हींत टकार कायम आहे. 'एरन्नोबोअस'मध्ये त्याचा लवलेशही नाही. भूगोलही याच्या विरुद्ध आहे. हिरञ्ञवती कुसिनाराजवळची, पाटलिपुत्राच्या संगमावरची नव्हे. पूर्वपदाच्या साम्यावर भाळून उत्तरपदाकडे डोळेझाक करणे ही संशोधनातील नेहमीची चूक आहे, आणि ती आपल्या आवडीच्या निष्कर्षासाठी केली म्हणून क्षम्य ठरत नाही.

राहता राहिला आक्षेप दोन नावांचा. प्लिनी आणि एरियन हे दोघेही एरन्नोबोअस आणि सोनस अशी दोन स्वतंत्र नावे देतात. मग त्या दोन नद्या नव्हेत काय? जोन्स यांनी याचा दोष मेगॅस्थेनीसच्या अज्ञानावर किंवा अनवधानावर टाकला. तो निवाडा कठोर वाटतो. बाणभट्टाच्या साक्षीवरून एकाच नदाला एक भारदस्त आणि एक लोकांतले अशी दोन नावे होती. नद्यांची यादी अनेकांकडून माहिती घेऊन बनते; एकाने एक नाव सांगितले, दुसऱ्याने दुसरे. परदेशी लेखकाने दोन्ही प्रामाणिकपणे टिपून घेतली असावीत. याशिवाय शोणाचे पात्र सरकलेले आहे. आज ती नदी पाटण्याच्या पश्चिमेस गंगेला मिळते. पूर्वी संगम पाटण्याजवळ होता, हे तिच्या जुन्या पात्राच्या खुणांवरून जोन्स यांच्याही काळी ज्ञात होते. संगमाचे वर्णन आणि नावाची व्युत्पत्ती या दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, ही या समीकरणाची खरी ताकद आहे. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथील उत्खननात लाकडी तटबंदीचे अवशेष मिळाले, तेव्हा मेगॅस्थेनीसने सांगितलेल्या लाकडी तटाची साक्षही पटली.

आता आरंभी उल्लेखिलेल्या विटेकडे परत येऊ. बौद्ध कालगणना आज या एका नदीनामावर अवलंबून आहे काय? नाही. इ.स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केला आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील पाच यवन राजांच्या नावांमुळे अशोकाचा काळ स्वतंत्रपणे निश्चित करता आला. अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग आणि अलिकसुंदर या राजांच्या कालावरून निघणारा निष्कर्ष जोन्स यांच्या निष्कर्षाशी जुळतो. त्यापुढचा वाद वेगळा आहे. दीपवंस-महावंस यांच्या परंपरेनुसार महापरिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकाचा अभिषेक झाला, तर उत्तरेकडील परंपरा अशोकाला सुमारे १०० वर्षांनंतर ठेवते. इ.स. १९८८ मध्ये गोटिंगेन येथे भरलेल्या परिषदेत या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह झाला आणि त्यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. परंतु दोन्ही पक्ष अशोकाच्या काळापासूनच मागे मोजतात. मोजणीचा तो खुंटा प्रथम ठोकताना जोन्स यांच्या हाती जी साधने होती, त्यांत नदीचे हे नाव होते. म्हणून त्याचे ऐतिहासिक ऋण मान्य केले पाहिजे.

येथवर आलेल्या वाचकाच्या ध्यानी आलेच असेल की, 'एरन्नोबोअस हे संस्कृत हिरण्यवाहाचे अपभ्रष्ट रूप' या एका वाक्यात किती गोष्टी दडपल्या जातात. त्यातील 'संस्कृत' हा शब्द अपुरा आहे, कारण ग्रीक कानी पडलेले रूप बहुधा प्राकृत होते. 'अपभ्रष्ट' हा शब्द तर अन्यायकारक आहे. द्वित्व ऐकणारा, रकार टिपणारा, आपल्या भाषेत त्या नावाला रमणीय निनादाचा अर्थ देणारा कान भ्रष्ट म्हणता येत नाही. आणि ज्या प्राकृत बोलीतून ते नाव गेले, तिलाही संस्कृताची बिघडलेली आवृत्ती मानणे पालिच्या अभ्यासकाला तरी शोभणारे नाही. तथागतांचा उपदेश ज्या लोकभाषांतून सर्वदूर गेला, त्याच कुळातील एका भाषेतून मगधातील नदीचे नाव प्रथम पश्चिमेकडे पोहोचले. हा योगायोग नव्हे. त्या काळी देशातील माणसे खरोखर ज्या भाषा बोलत होती, त्यांचा हा स्वाभाविक परिणाम आहे.

उदानात समुद्राची उपमा येते. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या महानद्या समुद्राला मिळाल्या की आपली पूर्वीची नावगोत्रे टाकतात आणि 'महासमुद्र' याच नावाने ओळखल्या जातात; तसेच चारही वर्णांचे लोक संघात आले की आपली नावगोत्रे टाकतात, असा तिचा आशय आहे. शोणाने समुद्राला मिळण्याआधीच गंगेत नाव टाकले. त्याचे दुसरे नाव मात्र वायव्येच्या दुभाष्याकडून ग्रीकाकडे, ग्रीकाकडून रोमनाकडे गेले, रोमन नकलाकारांच्या हातून झिजले, आणि दोन हजार वर्षांनी कलकत्त्याच्या एका सभागृहात पुन्हा आपल्या नदीला येऊन मिळाले. त्या नावावर वाटेत जे जे थर चढले, ते एकेक करून उतरवून पाहण्याचे साधन व्याकरण हेच आहे. पालि, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषांत गती असलेले तरुण अभ्यासक मराठीत पुढे यावेत आणि प्लिनी-एरियनमधील उरलेल्या नावांची अशीच चिकित्सा त्यांच्या हातून व्हावी. कंसात संस्कृत नाव लिहून थांबण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.